स्वस्त दारूला किमान भाव: स्कॉटलंडचं प्रकरण

एप्रिल २०१८ संपेपर्यंत ग्लासगोच्या कोपऱ्यावरच्या दुकानात तीन लिटरची प्लॅस्टिकची बाटली चार पौंडांच्या आसपास मिळायची. आत असायची 'व्हाइट सायडर'. सफरचंदाचं नाव लावून विकली जाणारी, साडेसात टक्के अल्कोहोलची फसफसणारी दारू. 'फ्रॉस्टी जॅक्स' हा त्यातला सगळ्यांना ठाऊक असलेला ब्रँड. १ मे २०१८ ला त्याच बाटलीची किंमत ११ पौंड २५ पेन्स झाली, म्हणजे तेव्हाच्या दराने हजार रुपयांच्या घरात. कर एका पेन्सने वाढला नव्हता. मालही तोच आणि कंपनीचा खर्चही तोच.

हिशेब असा. ब्रिटनमध्ये दारू युनिटमध्ये मोजतात. १० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल म्हणजे एक युनिट. तीन लिटरचे साडेसात टक्के म्हणजे २२५ मिलिलिटर, अर्थात साडेबावीस युनिट. त्या दिवसापासून स्कॉटलंडमध्ये एका युनिटला ५० पेन्सपेक्षा कमी भाव लावून दारू विकणं बेकायदा ठरलं. साडेबावीस गुणिले पन्नास. ब्रिटनच्या आरोग्य खात्याचा २०१६ पासूनचा सल्ला असा आहे, की बाई असो वा पुरुष, आठवड्याला १४ युनिटच्या वर जाऊ नये. म्हणजे दीड आठवड्याची मर्यादा ओलांडणारी दारू तोवर चार पौंडांत हातात पडत होती.

आपल्याकडे शेतमालाच्या हमीभावाची चर्चा बारा महिने चालते. हा तसाच हमीभाव, फक्त दारूला, आणि लोकांनी ती कमी प्यावी म्हणून. जगात दारूवर कर सगळेच लावतात. देशभर सगळ्या दारूला युनिटमागे एकच किमान भाव लावून, तो पाच वर्षं मोजून, त्याचा जाहीर हिशेब मांडण्याचं काम मात्र स्कॉटलंडइतकं नेटाने कुणी केलेलं माझ्या पाहण्यात नाही.

कर का नाही वाढवला?

पहिलं उत्तर राज्यघटनेचं आहे. दारूवरचा उत्पादन शुल्काचा दर लंडन ठरवतं. स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो, तिथल्या संसदेला आरोग्य, परवाने, दुकानांच्या वेळा हे विषय दिलेले आहेत, दारूवरचा कर नाही. एडिंबरोच्या हातात जे होतं त्यातूनच किमान भावाची कल्पना निघाली. पुढचं बरंचसं रामायण याच एका गोष्टीमुळे घडलं.

दुसरं उत्तर कराच्या रचनेत होतं. युरोपीय संघाच्या नियमांप्रमाणे बिअर आणि स्पिरिट्सवर अल्कोहोलच्या प्रमाणात कर लागायचा, वाइन आणि सायडरवर मात्र लिटरमागे. २०१७-१८ चे दर पाहा. व्होडका-व्हिस्कीवर युनिटमागे जवळपास २९ पेन्स कर होता, बिअरवर १९. साडेसात टक्क्यांपर्यंतच्या सायडरवर लिटरला सरसकट ४० पेन्स. त्या तीन लिटरच्या बाटलीवर म्हणजे एकूण १ पौंड २१ पेन्स, युनिटमागे जेमतेम साडेपाच. जितकी कडक सायडर कराल तितका युनिटमागचा कर कमी. असली रचना असेल तर कारखानदार साडेसात टक्क्यांवर नेऊनच थांबणार, त्यात त्याचा काय दोष?

(लंडनने पुढे २०१९ मध्ये कडक सायडरला वेगळी, थोडी चढी पायरी केली आणि ब्रेक्झिटनंतर १ ऑगस्ट २०२३ पासून सगळी करपद्धतच अल्कोहोलच्या प्रमाणावर आणली. पण ती नंतरची गोष्ट.)

तिसरी अडचण सुपरमार्केटांची. स्कॉटलंडमध्ये २०१७ च्या सुमारास एकूण अल्कोहोलपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश दुकानांतून घरी जात होतं. पब मागे पडले होते, कारण पबमधला एक ग्लास आणि सुपरमार्केटमधला तोच माल यांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक. मोठी सुपरमार्केटं गिऱ्हाईक आत ओढायला दारू पडत्या भावाने लावत आणि तो तोटा इतर मालावर भरून काढत. अशा बाजारात कर वाढवला तर दुकान तो स्वतःच्या खिशातून सोसतं किंवा महागड्या वाइनवर ढकलतं. सर्वांत स्वस्त बाटली तशीच स्वस्त राहते. किमान भाव हा मार्गच बंद करतो.

वस्त्यांमधलं चित्र

स्कॉटलंडमध्ये थेट दारूमुळे होणारे मृत्यू २००६ मध्ये शिखरावर होते: १,४१७. लोकसंख्या पन्नास लाखांच्या थोडी वर, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या निम्म्याच्या आसपास, हे लक्षात घेतलं की आकड्याचं वजन कळतं. २०१२ पर्यंत ते ९६८ वर उतरले आणि मग पुन्हा चढायला लागले. ही घसरण किमान भावाच्या आधीची आहे हे मुद्दाम सांगतो. त्या काळात मंदी होती, आणि २००८ पासून लंडन दारूवरचा कर दरवर्षी महागाईच्या वर दोन टक्के वाढवत होतं. ती वाढ २०१३-१४ मध्ये बंद झाली. एवढ्यावरून सिद्ध काहीच होत नाही, पण दारू खिशाला जड झाली की काय होतं याचा अंदाज येतो.

सर्वांत गरीब वस्त्यांमध्ये दारूने मरण्याचं प्रमाण सर्वांत सधन वस्त्यांच्या चौपटीहून अधिक. गंमत अशी, की गरीब माणसं सरासरी सधनांपेक्षा जास्त पितात असं नाही, त्यांच्यात न पिणारेही बरेच असतात. पण जे पितात त्यांच्यातल्या अतिसेवन करणाऱ्यांची पिण्याची रीत, आजारपण, खाणं, काम आणि घर हे सगळं एकत्र येऊन लिव्हर आधी हात टेकतं. आणि हीच माणसं सर्वांत स्वस्त बाटली विकत घेतात. म्हणून किमान भावाचा नेम आपोआप त्यांच्यावर बसतो. समर्थक याला अचूक नेम म्हणत होते, विरोधक गरिबांवरचा कर म्हणत होते. दोघेही एकाच वस्तुस्थितीबद्दल बोलत होते.

पाच वर्षांची कोर्टबाजी

२०१० मध्ये अल्पमतातल्या एसएनपी (स्कॉटिश नॅशनल पार्टी) सरकारने पहिला प्रयत्न केला, तेव्हा विरोधकांनी विधेयकातून ते कलमच काढून टाकलं. २०११ मध्ये पक्षाला स्पष्ट बहुमत मिळालं आणि आरोग्यमंत्री निकोला स्टर्जन यांनी विधेयक पुन्हा आणलं. मे २०१२ मध्ये ते मंजूर झालं. त्यात एक फार शहाणपणाची अट होती, तिच्याकडे पुढे येतो. लंडनमध्ये पंतप्रधान कॅमेरॉन यांच्या सरकारनेही त्याच वर्षी इंग्लंडसाठी किमान भावाची घोषणा केली होती. पुढच्या वर्षी ती गुंडाळून ठेवली.

स्कॉटलंडचा कायदा मंजूर होताच स्कॉच व्हिस्की असोसिएशन कोर्टात गेली. युरोपातल्या स्पिरिट्स आणि वाइन उत्पादकांच्या संघटनाही सोबत होत्या. वरवर पाहता हे विचित्रच. चांगली स्कॉच ५० पेन्सच्या तळाच्या कितीतरी वर विकली जाते. ४० टक्क्यांच्या ७०० मिलिलिटर बाटलीत २८ युनिट, म्हणजे किमान भाव १४ पौंड. सुपरमार्केटची स्वतःच्या नावाची व्हिस्की सोडली तर कुणाला झळ? उद्योगाला खरी धास्ती होती ती परदेशातल्या नकलेची: आज स्कॉचच्या मायदेशाने आरोग्याच्या नावाने भाव बांधला, तर उद्या दुसरे देश तेच कारण पुढे करून आयातीच्या वाटेत दगड टाकतील. यात आपण कुठे बसतो ते सांगायला नको. स्कॉचवर भारताची १५० टक्के आयात जकात त्यांच्या जुन्या तक्रारींपैकी एक. जुलै २०२५ च्या भारत-ब्रिटन करारात ती आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचं ठरलं.

कोर्टातला मुद्दा मात्र खरोखर वाचण्यासारखा आहे. युरोपीय कायदा मालाच्या मुक्त व्यापाराला अडथळा आणू देत नाही. आरोग्याचं कारण असेल तर सूट आहे, पण अट अशी, की त्याहून कमी जाचक उपायाने तेच साधत असेल तर तो वापरायचा. कंपन्या म्हणाल्या: कर वाढवा की. कर वाढला तरी विक्रेत्याला आपला भाव ठरवायची मोकळीक राहते, स्वस्तात माल बनवणाऱ्याचा फायदा टिकतो. तळ बांधलात की ती स्पर्धाच मेली. २३ डिसेंबर २०१५ ला युरोपीय न्यायालयाने या बाजूला झुकतं माप दिलं: कराने भागत असेल तर किमान भाव कायद्यात बसणार नाही. मात्र भागतं की नाही हे तपासायचं काम स्कॉटिश कोर्टाकडे सोपवलं.

वृत्तपत्रांनी तेव्हा प्रकरण संपल्यातच जमा धरलं होतं. एडिंबरोच्या कोर्टाने ऑक्टोबर २०१६ मध्ये सरकारच्या बाजूने निकाल दिला आणि १५ नोव्हेंबर २०१७ ला ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायमूर्तींनी एकमताने अपील फेटाळलं. निकालपत्र लॉर्ड मान्स यांचं. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा: सरकारचं उद्दिष्ट सगळ्यांचं पिणं थोडं थोडं कमी करणं एवढंच नाही. स्वस्त आणि कडक दारूमुळे ज्यांचं आयुष्य उद्ध्वस्त होतं त्यांच्यावर रोख आहे. स्वस्त सायडर ५० पेन्सवर आणण्याइतका कर चढवायचा तर तो पबमधल्या बिअरवर आणि माफक पिणाऱ्याच्या वाइनवरही तितकाच चढेल. हे जे नेमकेपण आहे ते कर देऊ शकत नाही, म्हणून कर हा त्याच कामाचा सौम्य पर्याय ठरत नाही.

माझ्या मते सबंध प्रकरणातला हा कळीचा मुद्दा. कर वाढवायचा अधिकार असता तर स्कॉटलंडने बहुधा कर वाढवला असता, आणि कर की किमान भाव हा प्रश्न इतक्या बारकाईने कुणी तपासलाच नसता.

फडताळावर काय बदललं

कायदा लागू होण्याआधी दुकानांतल्या दारूपैकी जवळपास निम्मी ५० पेन्सच्या खाली विकली जात होती. ती रातोरात वर सरकली. साडेबारा टक्क्यांच्या वाइनच्या बाटलीला ४ पौंड ६९ पेन्सचा तळ आला, साध्या व्होडकाला १३ पौंडांच्या थोडा वरचा. तीन लिटरच्या सायडरच्या बाटल्या बहुतेक दुकानांतून दिसेनाशाच झाल्या. अकरा पौंडांना ती घेणार कोण?

बकफास्टवर मात्र परिणाम शून्य. हे इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात, बकफास्टच्या मठात बनणारं कॅफिनयुक्त टॉनिक वाइन. पश्चिम स्कॉटलंडमध्ये तरुणांची दंगामस्ती आणि हे नाव पेपरात कायम जोडीने छापून येतं. ७५० मिलिलिटर, १५ टक्के, सव्वाअकरा युनिट. तळ ५ पौंड ६३ पेन्स, आणि बाटली आधीपासूनच सातच्या आसपास विकली जात होती. राजकीय भाषणांमध्ये खलनायक म्हणून हिचं नाव घेतलं जाई आणि कायद्याने तिला स्पर्शही केला नाही. यात विसंगती काहीच नाही. हा कायदा रस्त्यावरच्या धांगडधिंग्यासाठी नव्हताच, लिव्हरसाठी होता. पण ते लोकांना नीट सांगितलं गेलं नाही आणि टीकाकारांना फुकटचं हत्यार मिळालं.

इंग्लंडमध्ये जाऊन गाड्या भरून आणतील ही भीतीही मोठी होती. सिंधुदुर्गातल्या वाचकाला ती चटकन समजेल. गोवा बनावटीची दारू इन्सुली नाक्यावर पकडल्याची बातमी तिथे आठवड्याच्या बाजारासारखी नेमाने येते. स्कॉटलंडमध्ये तसं फारसं घडलं नाही. कारण साधं आहे, बहुतेक लोकसंख्या ग्लासगो-एडिंबरो पट्ट्यात राहते आणि इंग्लंडची हद्द तिथून दीड-दोन तासांवर. दहा पौंड वाचवायला पेट्रोल जाळणारे थोडेच. शिवाय भावातला फरक फक्त स्वस्तातल्या मालापुरता, चांगली बाटली दोन्हीकडे सारखीच. गोव्यात सगळीच दारू स्वस्त आहे, हा फरक विसरून चालणार नाही.

मोजमाप

आता ती शहाणपणाची अट. कायद्यातच लिहिलं होतं की पाच वर्षं झाली की मूल्यमापन संसदेपुढे ठेवायचं, आणि संसदेने पुन्हा मंजुरी दिली नाही तर सहा वर्षं पूर्ण होताच किमान भाव आपोआप रद्द. सरकारने स्वतःच्याच कायद्याच्या गळ्यात घड्याळ बांधलं होतं. त्यामुळे पहिल्या दिवसापासून विक्री, रुग्णालयं, मृत्यू, गुन्हे, छोटी दुकानं, व्यसनमुक्ती केंद्रं, सगळीकडचे अभ्यास सुरू झाले.

पब्लिक हेल्थ स्कॉटलंड या सरकारी आरोग्य संस्थेचा अंतिम अहवाल जून २०२३ मध्ये आला. एकूण विक्री सुमारे ३ टक्क्यांनी घटली, आणि घट सगळी दुकानांतली, पबची नाही. थेट दारूमुळे होणारे मृत्यू कायदा नसता तर जितके झाले असते त्यापेक्षा १३.४ टक्क्यांनी कमी झाले, वर्षाला साधारण १५६. घट सर्वांत जास्त पुरुषांत आणि सर्वांत गरीब ४० टक्के वस्त्यांमध्ये.

विक्री ३ टक्के आणि मृत्यू १३ टक्के, हे गणित पहिल्यांदा वाचताना खटकतं. उलगडा असा, की ३ टक्के ही सगळ्यांची सरासरी. महिन्यातून दोनदा वाइन घेणाऱ्याच्या पिशवीत काहीच बदललं नाही. घट एकवटली ती जास्त दारू विकत घेणाऱ्या घरांमध्ये. लिव्हर बिघडलेला पण दारूशिवाय हात थरथरण्याच्या टप्प्याला न पोचलेला माणूस आठवड्याला काही युनिट कमी प्यायला, तर मरणाची तारीख खरोखर पुढे ढकलली जाते. म्हणूनच घट दीर्घ आजारांच्या मृत्यूंमध्ये दिसली. विषबाधेसारख्या तातडीच्या कारणांचे मृत्यू उलट थोडे वाढल्याचा अंदाज निघाला, मात्र तो आकडा ठाम म्हणता येईल इतका पक्का नव्हता. रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण ४.१ टक्क्यांनी घटल्याचा अंदाजही तसाच काठावरचा.

'कायदा नसता तर' हे कसं काढलं? इंग्लंडशी तुलना करून. शेजारी देश, तेच टीव्ही, तीच सुपरमार्केटं, तोच कर, फक्त किमान भाव नाही. मे २०१८ ते डिसेंबर २०२० या काळात दोन्हीकडची चाल बघून फरक काढला. पद्धत चांगली आहे, पण ती अंदाज देते. हा मुद्दा कंझर्व्हेटिव्ह पक्षाचे आमदार डॉ. संदेश गुल्हाने यांनी लावून धरला. (आडनाव वाचून आपल्याकडचा वाचक क्षणभर थबकेलच.) ते स्वतः ग्लासगोत डॉक्टर आहेत. मृत्यूंचा प्रत्यक्ष आकडा वाढतोय आणि सरकार जीव वाचल्याचं सांगतंय, हे त्यांचं म्हणणं.

प्रत्यक्ष आकडे खरंच वाढले होते. २०१९ मध्ये १,०२०, २०२० मध्ये १,१९०, २०२१ मध्ये १,२४५, आणि २०२३ मध्ये १,२७७. मधे कोविड आला. टाळेबंदीत थोडं पिणारे आणखी कमी प्यायले, जास्त पिणारे आणखी जास्त, आणि दवाखान्यांची दारं बंद. हे इंग्लंडमध्येही झालं, किंबहुना जास्त झालं. म्हणून तुलनेत स्कॉटलंड उजवा दिसतो. मला संशोधकांची बाजू जास्त पटते. पण सरकारने पत्रकात 'अंदाजे' हा शब्द ठसठशीत ठेवायला हवा होता. ज्याच्या घरातला माणूस गेला त्याला 'नाहीतर आणखी गेले असते' हे ऐकवताना जीभ जरा सांभाळायला लागते.

जिथे भाव पोचत नाही

अहवालाचा सर्वांत अस्वस्थ करणारा भाग व्यसनात पूर्ण अडकलेल्यांबद्दलचा आहे. त्यांचं पिणं कमी झाल्याचा स्पष्ट पुरावा मिळाला नाही. उपचार केंद्रांत येणाऱ्यांशी संशोधक बोलले तेव्हा कळलं की काहींनी सायडर सोडून व्होडका धरली. हिशेबाने बरोबरच आहे. दोन्हीचा युनिटमागे भाव सारखाच झाला, मग तीन लिटर पोटात ढकलण्यापेक्षा छोटी बाटली बरी. काहींनी जेवणात काटकसर केली, काहींनी घर गरम ठेवायचा खर्च कमी केला, काहींनी उसनवारी. ज्या घरात आधीच पैसा नव्हता तिथे तो आणखी आटला.

हे अनपेक्षित नव्हतं. ज्याला सकाळी दारू मिळाली नाही तर झटके येऊ शकतात, त्याच्यासाठी भाव हा सल्ला नाही, दंड आहे. त्याला औषध, बेड आणि समुपदेशक लागतो. किमान भाव आणताना उपचाराच्या सोयी त्याच वेगाने वाढवल्या असत्या तर हे पान वेगळं लिहिलं गेलं असतं.

आणि इथेच पैशाचा मुद्दा येतो. चार पौंडांची बाटली अकराला विकली की मधले सात पौंड कुणाचे? करातून आले असते तर सरकारचे. किमान भावात ते दुकानदाराचे आणि उत्पादकाचे. कर लावायचा अधिकारच नसल्याने एडिंबरोला दुसरा मार्ग नव्हता. २०१२ ते २०१५ या काळात दारू आणि तंबाखू दोन्ही विकणाऱ्या मोठ्या दुकानांवर त्यांनी जागेच्या कराबरोबर जादा आकार लावला होता, तो किमान भाव लागू व्हायच्या आधीच संपलेला होता. तो पुन्हा आणावा ही मागणी आजही होते. सर्वांत गरीब पिणाऱ्याच्या खिशातून निघालेला पैसा सुपरमार्केटच्या नफ्यात जातो, उपचार केंद्राच्या तिजोरीत नाही. या योजनेवरचा माझा सर्वांत मोठा आक्षेप हाच.

५० चे ६५

५० पेन्स हा आकडा २०१२ मधला. कोर्टात पाच वर्षं गेली आणि कायद्यात महागाईप्रमाणे आपोआप वाढीची तरतूद नव्हती. २०२२-२३ ची महागाई आली तेव्हा तो तळ जवळपास निरुपयोगी व्हायला लागला होता, कारण बाजारभाव आपणहून वर गेले होते. एप्रिल २०२४ मध्ये संसदेने कायदा चालू ठेवला आणि ३० सप्टेंबर २०२४ पासून तळ ६५ पेन्स केला. व्हिस्कीची तळाची बाटली १४ वरून १८ पौंड २० पेन्स. बकफास्टचा तळ आता ७ पौंड ३१ पेन्स, म्हणजे पहिल्यांदाच तिच्या जवळ आला. २०२४ मध्ये मृत्यू १,१८५ वर उतरले. त्यात नव्या दराचा वाटा असलाच तर वर्षाच्या शेवटच्या तीन महिन्यांचा.

मधल्या काळात वेल्सने २०२० मध्ये आणि आयर्लंडने जानेवारी २०२२ मध्ये किमान भाव आणला. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीने २०१८ मध्ये आणलेला सरकार बदलल्यावर २०२५ मध्ये काढून टाकला.

आपल्या क्वार्टरचा हिशेब

महाराष्ट्राकडे स्कॉटलंडला जे नव्हतं ते सगळं आहे. दारू आणि तिच्यावरचं शुल्क राज्यसूचीत, जीएसटीच्या बाहेर. भाव बांधण्याचा अधिकारही आहे आणि तो वापरलाही जातो. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं शुल्क जाहीर उत्पादन खर्चाच्या तीन पटींवरून साडेचार पट केलं, देशीवरचं प्रूफ लिटरला (अल्कोहोलच्या ठरावीक प्रमाणावर मोजलेल्या लिटरला) १८० वरून २०५ रुपये केलं, आणि १८० मिलिलिटरच्या किमान किरकोळ किमती ठरवल्या: देशी ८० रुपये, नव्याने आणलेली 'महाराष्ट्र मेड लिकर' १४८, भारतीय बनावटीची विदेशी २०५, प्रीमियम विदेशी ३६०. बातम्यांचा मथळा होता १४ हजार कोटींच्या वाढीव महसुलाचा.

आता स्कॉटलंडची फूटपट्टी लावू. सगळ्या बाटल्या ४२.८ टक्क्यांच्या धरल्या तर क्वार्टरमध्ये ७७ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. १० मिलिलिटरमागे देशीचा तळ साधारण साडेदहा रुपये, महाराष्ट्र मेडचा १९, विदेशीचा साडेसव्वीस, प्रीमियमचा ४७. लिव्हरला चारही सारख्याच. एका पायरीवर भाव चढला की उतरायला खाली दुसरी पायरी तयार, आणि १४८ ची पायरी तर त्याच निर्णयात नवीन बांधून दिलेली. सायडरवरून व्होडकावर गेलेल्या ग्लासगोकराला युनिटमागे एक पेन्सही वाचवता येत नव्हता. आपल्याकडे २०५ वरून ८० वर आलेला माणूस तेवढंच अल्कोहोल निम्म्याहून कमी पैशांत पितो. नोव्हेंबर २०२१ मध्ये आयात स्कॉचवरचं शुल्क ३०० वरून १५० टक्क्यांवर आणलं, तेही तस्करी रोखून महसूल वाढावा म्हणून. आरोग्य त्या हिशेबात नव्हतं.

मग देशीलाही एकदम २०५ चा तळ लावावा का? इथे स्कॉटलंडचा धडा जसाच्या तसा चालत नाही. तिथे हातभट्टी नाही. आपल्याकडे जून २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली. देशीचा भाव एका झटक्यात अडीचपट केला तर पहिला फायदा रबरी ट्यूबमधून माल पोचवणाऱ्याचा होईल. तळ अल्कोहोलच्या प्रमाणावर बांधायचा, देशीचा भाव दरवर्षी थोडा थोडा वर सरकवायचा आणि जादा शुल्काचा ठरलेला हिस्सा तालुक्याच्या ठिकाणी व्यसनमुक्तीच्या बेडसाठी बांधून ठेवायचा, हे महाराष्ट्राला जमण्यासारखं आहे, कारण इथे किमान भावातून येणारी वाढ शुल्काच्या रूपाने तिजोरीत आणता येते. जून २०२५ च्या निर्णयात एआयवर चालणारं नियंत्रण कक्ष आहे, उत्पादन शुल्क विभागात बाराशेहून अधिक नवी पदं आहेत.